पंच्याण्णव टक्क्यांचा चुकीचा हिशेब

सौर औष्णिक वीजकेंद्रांबद्दल शिकवताना एक हिशेब अनेकदा फळ्यावर येतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन, भोवतालचे ३००. कार्नोच्या सूत्राप्रमाणे कार्यक्षमता १ − ३००/५८००, म्हणजे ९५ टक्के. प्रत्यक्ष केंद्रे याच्या जवळपासही जात नाहीत. तेव्हा दोष यंत्रांचा, असे विद्यार्थी समजतो. आमचा आक्षेप या हिशेबालाच आहे.

सूत्रातले वरचे तापमान सूर्याचे नव्हे, तर इंजिनाला उष्णता देणाऱ्या शोषकाचे असते. मग शोषक जितका तापवावा तितके चांगले? तेही नाही. तापलेला शोषक स्वतः प्रारण बाहेर टाकतो, आणि ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. कार्नोचे सूत्र एकीकडे ओढते, स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम दुसरीकडे.

वर्गात हे करून पाहावे. काळा शोषक घ्या, ऊन चौरस मीटरला १,००० वॅट धरा, वाऱ्याने जाणारी उष्णता सोडून द्या. आरसे नसतील तर शोषक सुमारे १२७ अंश सेल्सिअसला पोचतो आणि मिळालेले सारे परत फेकतो. कार्नो तेथे २५ टक्के म्हणतो, पण हाती शून्य! सर्वोत्तम स्थिती ७७ अंशांच्या आसपास, आणि ती जेमतेम ९ टक्क्यांची. (निवडक लेप दिला तर प्रारण घटते, तो हिशेब वेगळा.)

आरशांनी ऊन ५०० पट एकवटले की चित्र पालटते. ५६५ अंशांना मर्यादा ६१ टक्के, ७०० ला ६२, १,२०० ला मात्र ३७, आणि सुमारे १,४५० ला पुन्हा शून्य.

यातला ५६५ हा आकडा उगाच घेतलेला नाही. स्पेनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या खेमासोलार केंद्राच्या मनोऱ्यात सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले मिश्रण साधारण इतकेच तापवतात. फार वर गेल्यास नायट्रेटचे विघटन होऊ लागते. पण वरचे आकडे पाहता, मिश्रण आणखी तापवता आले असते तरी मर्यादा एखाद्या टक्क्यानेच वाढली असती. खरी गळती अन्यत्र आहे: तिरप्या आरशांवर कमी पडणारे ऊन, काचेवरची धूळ, आणि शोषकाने दिलेल्या उष्णतेपैकी साधारण ४० टक्क्यांचीच वीज करणारे वाफेचे चक्र. ९५ टक्क्यांच्या हिशेबात यातले काहीच दिसत नाही.