डोळे मिटून वापरता येते का?

नवी मोटार बाजारात आली की तिच्या परीक्षणाची सुरुवात हल्ली पडद्यापासून होते. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ईमध्ये १२.३ इंचांचे तीन पडदे एका रांगेत आहेत, हे वाहनशौकिनांना तोंडपाठ असते. पण चालत्या गाडीत काचेवरची वाफ घालवायला बोट कुठे न्यावे लागते आणि तेवढ्यात नजर रस्त्यावरून किती वेळ हटते, हे सांगणारे परीक्षण शोधावे लागते. ही तक्रार एका गाडीची नाही, एका कंपनीची तर नाहीच. शेगडी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, पंख्याचा रेग्युलेटर, सगळीकडे खटके आणि मुठी जाऊन काळी काच आली आहे, आणि आपण तिला ‘काय सुंदर डिझाइन आहे’ म्हणून दाद देतो आहोत. वस्तूंची रसिकता आपल्याकडे वाढली, यात वाद नाही. घड्याळ, पेन, बॅग, चाकू यांविषयी आस्थेने बोलणारी पिढी आली. मात्र ही रसिकता सगळी डोळ्यांची आहे. वस्तू हातात घेण्याआधीच तिचा निकाल लागलेला असतो.

अमेरिकी डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांचा भारतातल्या डिझाइनवरचा १९५८चा अहवाल आपल्याकडे डिझाइनवर बोलणारा प्रत्येक जण काढतो. त्यांनी तांब्याला डोक्यावर घेतले, एवढेच त्यातले आपण लक्षात ठेवले, पद्धत विसरलो. तांब्याचा घाट सुरेख आहे म्हणून ते थांबले नव्हते. त्यांनी प्रश्नांची लांबलचक यादी केली होती. पाणी किती आणायचे, हात केवढा, भांडे डोक्यावरून नेणार की कमरेवरून, भरलेले असताना तोल कसा आणि रिकामे असताना कसा, दुसऱ्या भांड्यावर आपटले तर आवाज कसा येतो. आणि त्यातच एक असा की, डोळे मिटून धरले तर ते हाताला कसे लागते? या अहवालामागोमाग १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, १९६९ साली पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवणारी आयडीसी आली, तिथून उत्तम डिझायनर घडले. समीक्षक मात्र घडले नाहीत. ईम्सांचा तो ‘डोळे मिटून’वाला प्रश्न कोणी पुढे चालवला नाही.

त्याच्या जागी आले काय? एक म्हणजे गतकातरता: जुनी लूना, जुना रेडिओ, उसासा. दुसरे, जे काही गुळगुळीत आणि पांढरे आहे त्याला ‘मिनिमल’ म्हणणे. त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. तिसरे, वारशाचा अभिमान. जून २०२५मध्ये मिलानला प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल श्रेय न देता मंचावर आणली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला आणि ते योग्यच झाले. २०१९पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण त्या सगळ्या गदारोळात चपलेबद्दल किती लिहिले गेले? खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, सुरुवातीचे काही दिवस पायाला चावणारी आणि मग त्याच पायाचा आकार घेणारी ती वस्तू समीक्षेच्या पानावर आलीच नाही. अभिमानाला पाय लागत नाहीत, हे खरे.

आता जिला दाद द्यायला हवी त्या वस्तूकडे वळू. आतल्या झाकणाचा हॉकिन्स कुकर घराघरांत आहे, म्हणूनच तो कोणी पाहत नाही. झाकण पूर्ण गोल नाही, किंचित अंडाकृती आहे. ते तिरके करून तोंडातून आत उतरवायचे, आत गेल्यावर सरळ करून वर ओढायचे आणि दांडा अडकवायचा. वाफ धरली की तीच झाकणाला आतून काठावर दाबून धरते. म्हणजे दाब जितका जास्त, तितके झाकण घट्ट. दाब असताना उघडायचे म्हटले तरी हाताची ताकद पुरत नाही. धोका टाळण्याचे काम इथे धोकाच करतो. ना सेन्सर, ना दिवा, ना इशाऱ्याची पाटी. आत काय चालले आहे ते शिट्टी सांगते, आणि तीही बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्याला. ‘तीन शिट्ट्या होऊ दे’ हे मराठी स्वयंपाकातले वेळेचे माप झाले, ते यंत्राने कानाशी बोलणे पत्करले म्हणून. रिंग सैल झाली तर भांड्यांच्या दुकानात नवी मिळते आणि कोणालाही बसवता येते.

हाच गुण जुन्या चेतक स्कूटरच्या डाव्या मुठीत होता. क्लच दाबून अख्खी मूठ फिरवायची. मनगट कुठे आहे यावरून गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते कळे. मुठीवर आकडे कोरलेले असत, पण सरावाच्या माणसाला ते बघावे लागत नसत. चेतक निर्दोष होती असे नाही. इंजिन एका अंगाला असल्याने तिचा तोल कलता असे, ब्रेक बेताचे, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे थांबले ते परवाना-राजमुळे. त्याचे श्रेय डिझाइनला देणे हा भाबडेपणा झाला. जुने ते सोने, असे इथे म्हणायचे नाही. टायटनचे २००२चे एज हे ३.५ मिलीमीटर जाडीचे घड्याळ तेव्हा अगदी नवे होते, आणि त्याचा मोठेपणा मनगटावर ते जाणवत नाही यातच होता. प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. वस्तू शरीराला कळते की नाही, हा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: फोनही काचेचाच, मग तो कसा चालला? चालला, कारण फोन बघण्याचीच वस्तू आहे. शेगडी आणि गाडी यांचे तसे नाही. तिथे नजर उतू जाणाऱ्या दुधावर किंवा समोरच्या ट्रकवर असते आणि हाताने एकट्याने काम उरकायचे असते. त्यात स्वयंपाकघरातला हात ओला. काचेखालचा स्पर्शसंवेदक बोटाने होणारा विद्युतधारितेतला बदल ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही तो बदल घडवतो. म्हणून इंडक्शन शेगडीवर चार थेंब उडाले की ती पीं-पीं करते किंवा बंद पडते. दुसरा आक्षेप प्रामाणिक आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, चाचणी लागते. पडदा एकदा बसवला की सगळे त्यातच. मान्य. मग त्याला काटकसर म्हणा. काटकसरीला प्रगतीचा भाव लावून ग्राहकाकडून जास्त पैसे का घ्यायचे? ‘सॉफ्टवेअर बदलून पडदा सुधारता येतो’ ही त्यातली सर्वांत लाडकी सबब. पण सुधारणा झाली की चिन्हे जागा बदलतात आणि हाताला जे पाठ झालेले असते ते वाया जाते. राहिला आवाजी हुकूम. मागच्या सीटवर मूल झोपलेले असताना तो देऊन पाहावा.

आणि हा नुसत्या आवडीनिवडीचा मामला नाही. स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मासिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगात चार साधी कामे करून पाहिली. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोला १० सेकंद पुरले. पडदेवाल्यांतल्या शेवटच्या गाडीला जवळपास ४५ लागले. २०१७ साली सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन १० नौसैनिक गेले. चौकशीत नियंत्रणाच्या स्पर्शपटलांमुळे झालेला गोंधळ पुढे आला आणि नौदलाने हाताने ढकलायचे दांडे परत आणायचे ठरवले. मोटारींच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणे नसतील तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत, असे ठरवले आहे. तिकडे काच मागे घेतली जाते आहे, इकडे तिचे इंच मोजले जात आहेत.

सगळ्यांत मोठी किंमत मोजतो तो ज्याला दिसत नाही तो. फिरत्या मुठीचा मायक्रोवेव्ह अंध माणसाला वापरता येतो. मुठीवरची खाच बोटाला लागते, किती फिरवली ते मनगटाला कळते. सपाट काचेपुढे तोच माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात परका होतो. २०११च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. वयाने नजर अधू झालेले आजी-आजोबा धरले तर तो आकडा कुठे जाईल! दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात रोजच्या वापराच्या वस्तू सर्वांना वापरता येतील अशा घडवण्याला चालना देणारे कलम आहे. एखाद्या परीक्षकाने त्या कलमापुढे बाजारातले दहा मायक्रोवेव्ह ठेवावेत, डोळ्यांवर पट्टी बांधावी, दूध गरम करून दाखवावे आणि काय झाले ते छापावे. पडद्याच्या लांबी-रुंदीला त्यानंतरही पानावर जागा उरेल.