पापडीचे दुःखसहननाट्य आणि पेत्राची बोली

ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाट्य पाहावयास जाणारा वसईकर प्रेक्षक कथेसाठी जात नाही. यहूदा चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूचा घात करणार, पिलात हात धुऊन मोकळा होणार, हे त्यास बालपणापासून ठाऊक असते. अशा प्रेक्षकासमोर नाटककाराचा खरा कस संवादांत लागतो.

पापडी हे वसई धर्मप्रांताच्या (स्थापना १९९८) कॅथीड्रलचे गाव. तेथे प्रायश्चित्तकाळातील एका सायंकाळी प्रस्तुत लेखकाने असा एक प्रयोग पाहिला. पुढच्या रांगेतील लाल लुगड्यांतल्या वृद्धांची कुजबूज सामवेदी बोलीत चालली होती. रंगमंचावर मात्र ग्रंथांतील प्रमाण मराठी नांदत होती. अपवाद दोन शिपायांचा. त्यांच्या तोंडी बोली होती आणि तिला अपेक्षित हशाही मिळाला. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असल्याने नटांस त्या हशासाठी थांबताही आले नाही.

या योजनेतील दोष पेत्राच्या नाकारण्याच्या प्रवेशात उघडा पडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्र ओळखला जातो तो त्याच्या गालीली बोलीवरून. भोवतालचे लोक तसे त्यास सुनावतात. येथे आरोप करणारे व आरोपित एकाच छापाची मराठी बोलत असल्याने ते वाक्य निरर्थक ठरले. भ्यालेला पेत्र शपथा वाहताना नकळत घरच्या बोलीवर घसरता, तर सारे मैदान स्तब्ध झाले असते. परक्या कचेरीत स्वतःची बोली गिळण्याचा अनुभव या श्रोत्यांस नवा नाही.

ख्रिस्तकथेला बोलीचे वावडे होते, असेही नाही. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ग्रांथिक मराठीत रचले खरे. परंतु लोकांस सुगम व्हावे म्हणून गोव्याच्या ब्राह्मणी भाषेतील सोपे शब्द त्यात मिसळल्याचे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइन्स यांचे रोमन लिपीत छापलेले दुःखसहनाचे पुराण (लिस्बन, १६५९) तर उत्तर कोकणच्या बोलीशी जवळीक राखते. म्हणजे याच किनाऱ्यावर जी भाषा एके काळी क्रूसाची कथा सांगण्यास योग्य मानली गेली, ती आज शिपायांच्या थट्टेपुरती उरावी, हे विपरीत होय. ख्रिस्ताच्या मुखी प्रमाण मराठी असण्यास आमची हरकत नाही. प्रार्थनेत ऐकलेले शब्द तेथे श्रोत्याच्या कानी आपोआप घुमतात. हरकत आहे ती बोलीस केवळ हास्याचे स्थान देण्यास.

मरियेचे क्रूसाखालील मौन हा प्रयोगाचा सर्वोत्तम भाग. तेथे ध्वनिफीतही नव्हती, आणि नटीला स्वतःच्या श्वासाच्या लयीने उभे राहता आले.

पेत्रास कोणती बोली द्यावी, हा प्रश्न मात्र सोपा नाही. सामवेदी दिल्यास वाडवळी बोलणारे अर्धे मैदान त्यास परका समजेल. आणि कदाचित त्या प्रवेशास तेच हवे असेल. संहिताकाराने निदान एका प्रयोगापुरते ध्वनिमुद्रण बाजूस ठेवून हे करून पाहावे.