रामबाण आणि सोन्याचे कवच

जून १९९९मध्ये रिचर्ड स्मॉली अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर साक्ष द्यायला बसले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस फारसे उरले नव्हते. केमोथेरपीने ते काही आठवड्यांपूर्वीच गळाले होते. स्मॉली हे ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातले प्राध्यापक आणि १९९६च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. साक्षीचा विषय होता नॅनोतंत्रज्ञानावर सरकारने पैसा का खर्च करावा हा. त्यांनी दाखला स्वतःच्या देहाचा दिला. आजची केमोथेरपी हे बोथट हत्यार आहे, वीस वर्षांनी ते वापरावे लागणार नाही, कारण कर्कपेशी हुडकून काढणारी अतिसूक्ष्म क्षेपणास्त्रे तोवर आपल्या हाती आलेली असतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सहा-सात महिन्यांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रम जाहीर केला. स्मॉली ऑक्टोबर २००५मध्ये कर्करोगानेच गेले.

या प्रतिमेकडे मी समीक्षक म्हणून पाहतो. ती नवी नाही. पॉल एर्लिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रोगजंतूंनाच टिपणाऱ्या औषधाला जादूची गोळी म्हटले होते. ती गोळी बंदुकीची. स्मॉलींच्या काळापर्यंत तिचे क्षेपणास्त्र झाले, म्हणजे नेम धरण्याचे कामही तिने स्वतःकडे घेतले. आपल्या भाषेत तर हा शब्द केव्हापासूनच तयार आहे. ‘कर्करोगावर रामबाण’ हा मथळा मराठी वृत्तपत्रात मी इतक्यांदा वाचला आहे की तो आता बातमीपेक्षा ऋतूसारखा वाटतो. रामबाण चुकत नाही आणि काम झाले की भात्यात परत येतो. या दोन्ही अपेक्षा आपण नकळत औषधाकडून करू लागतो, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की आजारी माणसाच्या घरचे लोक पुढचा रामबाण शोधू लागतात.

स्मॉली बोलत होते त्याच विद्यापीठात, त्याच सुमारास, नेओमी हॅलस यांचे काम आकार घेत होते. ब्रिन मॉर महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट, मग बेल प्रयोगशाळा, १९९०पासून राइस. त्यांच्या कारकिर्दीचे वर्णन सहसा ‘सोन्याच्या कणांनी कर्करोग जाळणाऱ्या शास्त्रज्ञ’ असे होते. हे वर्णन खोटे नाही, पण ते शेवटून वाचलेले आहे. लेखकाच्या एखाद्या गाजलेल्या कादंबरीवरून त्याचे आधीचे सगळे लेखन ओळखावे, तसे. मला त्यांचे निबंध प्रकाशनक्रमाने वाचावेसे वाटले.

१९९८चा निबंध घ्या. ओल्डेनबर्ग, अ‍ॅव्हरिट, वेस्टकॉट आणि हॅलस या चौघांच्या त्या निबंधाच्या शीर्षकात कर्करोग नाही, शरीरही नाही. विषय प्रकाशाचा आहे. सोन्याचा भरीव सूक्ष्म गोळा सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा, प्रकाश शोषतो. म्हणून सोन्याचे कलिल द्रावण माणकासारखे तांबडे दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७मध्ये असेच द्रावण रॉयल सोसायटीपुढे मांडले होते आणि गुस्ताव मी यांनी १९०८मध्ये त्याचे गणित सोडवले. गोळ्याचा आकार थोडा कमी-जास्त केला तरी हा रंग फारसा हलत नाही. हॅलस यांच्या गटाने आत काचेच्या जातीचा, सिलिकाचा, गाभा ठेवला आणि त्यावर सोन्याचे पातळ कवच चढवले. गाभा आणि कवच यांचे प्रमाण बदलले की शोषणाचा पट्टा हिरव्यातून सरकत अवरक्तापर्यंत जातो. एकात एक असलेल्या दोन गोलांचे गणित एडन आणि कर्कर यांनी १९५१मध्येच मांडलेले होते. ते हाती घेता येईल अशा वस्तूत उतरवणे, आणि हवा तो रंग मागून घेता येईल इतक्या नेमकेपणाने उतरवणे, ही नवी गोष्ट होती.

२००३च्या आणखी एका निबंधात पीटर नॉर्डलँडर यांच्यासह या गटाने त्याचे कारणही सांगितले. कवचाच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉनांचे हेलकावे एकमेकांत मिसळतात, जवळजवळ रेणूतल्या अणूंच्या कक्षा मिसळाव्यात तसे. माझ्या मते या कारकिर्दीतली सर्वांत सुंदर रचना हीच. गाजली मात्र दुसरी.

दुसरीचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. अंदाजे ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश रक्त आणि पाणी फारसा अडवत नाहीत, म्हणून तो ऊतीत काही सेंटिमीटरपर्यंत शिरतो. कवचाचे प्रमाण नेमके या पट्ट्यावर आणले, तर शरीर ज्या प्रकाशाला वाट देते तोच हा कण अडवील आणि तापेल. जैवअभियंत्या जेनिफर वेस्ट यांच्या साथीने हा विचार प्रयोगापर्यंत गेला. (इथे एक गोष्ट सांगून टाकतो. सुवर्णभस्मातही सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, तेव्हा हे आपल्याकडे पूर्वीच होते, असे म्हणणारे लेख दर दोन वर्षांनी येतात. कण लहान असणे हा इथला मुद्दाच नाही. भरीव सोने कितीही बारीक केले तरी ते या पट्ट्यात येत नाही. सारी करामत गाभ्याची आणि कवचाच्या जाडीची आहे.)

२००३च्या निबंधाचे शीर्षक मराठीत असे होईल : चुंबकीय अनुस्पंदनाच्या मार्गदर्शनाखाली, नॅनोकवचांच्या मदतीने, अर्बुदांवर अवरक्तसमीप उष्णतोपचार. उंदरांच्या अर्बुदांत कण थेट टोचले होते. ८२० नॅनोमीटरच्या लेझरखाली चार ते सहा मिनिटांत तापमान सरासरी ३७ अंश सेल्सिअसने चढले. कण नसलेल्या ऊतीत ही वाढ दहा अंशांच्या आत राहिली. पुढच्या वर्षी कण शेपटीच्या शिरेतून दिले, सहा तास फिरू दिले, मग लेझर. अर्बुदे नाहीशी झाली आणि उंदीर नव्वद दिवसांनंतरही ठीक होते. २००५मध्ये लू, ड्रेझेक आणि इतरांसह आलेल्या निबंधात कणांवर प्रतिपिंडे बसवून स्तनकर्करोगाच्या पेशी आधी चमकवल्या आणि मग जाळल्या. दाखवणे आणि मारणे एकाच कणाकडे. क्षेपणास्त्राची प्रतिमा इथे सर्वांत भरात आहे, आणि हे सगळे काचेच्या तबकडीतल्या पेशींवर आहे हेही तितकेच खरे.

आता २०१९ पाहा. स्मॉलींच्या साक्षीला बरोबर वीस वर्षे झाली होती. रास्तीनेहाद, हॅलस, वेस्ट आणि इतरांच्या त्या निबंधाचे शीर्षक : सुवर्णनॅनोकवचांनी प्रोस्टेट अर्बुदांचे स्थानिक प्रकाशतापी निर्मूलन, एका प्राथमिक वैद्यकीय उपकरण-चाचणीत. रुग्ण सोळा, त्यांपैकी पंधरा जणांवर ही प्रक्रिया पूर्ण होऊ शकली. लघवी आणि लैंगिक क्षमता यांच्या मोजमापात लक्षणीय बिघाड आढळला नाही. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुष ज्या दोन गोष्टींबद्दल दबक्या आवाजात विचारतात त्या याच, म्हणून हा निकाल लहान नाही.

पण शीर्षके शेजारी ठेवून वाचा. ‘अर्बुदे’ होती त्या जागी ‘प्रोस्टेट अर्बुदे’ आली. ‘उपचार’ होता तिथे ‘स्थानिक निर्मूलन’ आले. आणि कण हा औषध राहिलेला नाही, नियमनाच्या भाषेत तो उपकरण आहे. काही जण याला माघार म्हणतील. मला हा भाषेचा प्रामाणिकपणा वाटतो. या चाचणीत प्रतिपिंडे नाहीत. कण आदल्या दिवशी शिरेतून दिले जातात आणि अर्बुदाच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून ते तिथे साचतील अशी अपेक्षा असते. ही साचण्याची कल्पना मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६मध्ये मांडली होती. नेम धरतो तो डॉक्टर. एमआरआय आणि अल्ट्रासाऊंडच्या एकत्र केलेल्या चित्रावर पाहून तो लेझरचा तंतू अर्बुदात घालतो. कण शोधत नाही, तो नुसता तापतो. चुकणारा नेम माणसाच्या हाती आणि न चुकणारी उष्णता कणाकडे, अशी ही कामाची वाटणी आहे. रामबाणाच्या कथेत तिला जागा नाही.

शोधण्याच्या दाव्याचे काय झाले, याचे उत्तर टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६मध्ये दिले. दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून त्यांनी हिशेब मांडला. दिलेल्या मात्रेतला मध्यक ०.७ टक्के भाग अर्बुदात पोचतो. हजार कणांतले सात. उरलेल्यांतले बरेच यकृत आणि प्लीहा अडवतात. सोने तिथून सहजी निघून जात नाही, म्हणून एक वर्षाचा पाठपुरावा अपुराच म्हणावा लागेल.

या चाचणीवर माझा आक्षेप आणखी एक आहे. निवडलेले रुग्ण कमी किंवा मध्यम जोखमीचे होते. अशांपैकी अनेकांना आज नुसते देखरेखीखाली ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा ही पद्धत सुरक्षितपणे करता येते एवढे सिद्ध झाले. आयुष्य वाढते का, हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. त्याआधी डोके आणि मानेच्या, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या कर्करोगावरही याच कणांची प्राथमिक चाचणी सुरू झाली होती. तंबाखू आणि मिश्रीच्या या देशात आपल्याला जवळची ती होती. नाव प्रोस्टेटने काढले. माझा तर्क असा की तिथे एमआरआय, सुई आणि सीमित जागा या तिन्ही गोष्टी आधीपासून तयार होत्या.

हॅलस यांनी स्वतः एकाच दाव्यावर आयुष्य टांगलेले नाही. २०१२च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेने हेच तापणारे कण पाण्यात टाकून सूर्यप्रकाशात वाफ काढली, आणि सगळे पाणी उकळण्याची वाट पाहावी लागली नाही. पुढे महागड्या सोन्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे कण आले आणि प्रकाशाच्या जोरावर रासायनिक अभिक्रिया घडवण्याकडे त्या वळल्या. वेस्ट २०१२मध्ये ड्यूक विद्यापीठात गेल्या आणि नंतर व्हर्जिनियात अभियांत्रिकीच्या अधिष्ठाता झाल्या. प्रोस्टेटच्या रुग्णांना आदल्या दिवशी शिरेतून दिला जाणारा कण मात्र १९९८च्या निबंधातल्याच घडणीचा आहे : सुमारे १२० नॅनोमीटरचा सिलिकाचा गाभा आणि त्याभोवती पंधराएक नॅनोमीटर सोने.