पाय पुढे गेले, पण बूड खाली आलं का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, पाय पुढे सोडून चालवायच्या मोटरसायकली ही नुसती फॅशन, की त्यात काही इंजिनिअरिंग आहे? माझं उत्तर असं, की पाय बघू नका, बूड बघा. (हशा) हसा, पण मुद्दा खरा आहे.

नेहमीच्या मोटरसायकलवर आपण घोड्यावर बसावं तसे इंजिनाच्या वर बसतो. पाय पुढे घेतले तर आसन खूप खाली नेता येतं, पाठीला टेका देता येतो. मग वाऱ्यासमोर येणारं अंग कमी होतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हा फायदा हायवेवर चांगलाच जाणवतो.

ब्रेकचं बघा. समजा, दोन चाकांत १.४ मीटर अंतर आहे आणि स्वारासकट गाडीचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, ०.७ मीटर उंचीवर. मग मंदन १ जीपर्यंत गेलं की मागचं चाक उचलायला लागतं. आता चाकांमधलं अंतर १.९ मीटर करा आणि मध्य ०.५ मीटरवर आणा. मर्यादा १.९ जी होते. तिथवर पोचण्याआधी टायरच घसरेल. म्हणजे सपाट रस्त्यावर ब्रेक दाबून पुढे कोलांटी खाण्याची भीती जवळजवळ गेलीच.

हे सगळं मिळतं ते आसन खाली आल्यामुळे. पाय पुढे जाणं हा नुसता परिणाम.

ब्रिटनमध्ये माल्कम नेवेल आणि केन लीमन यांनी १९७०च्या दशकात 'क्वेझार' केली ती याच हिशेबाने. वर छप्पर, समोर काच, आणि रिलायंटच्या तीनचाकी गाडीतलं ८५० सीसीचं, पाण्याने थंड होणारं चार सिलिंडरी इंजिन. ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, तरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या वर जायचा. गाड्या झाल्या २५सुद्धा नाहीत.

या गाड्यांचे चाहते म्हणतात, लोकांना रूप हवं असतं, इंजिनिअरिंग कळत नाही. मला हे पटत नाही. १९८८च्या 'अकिरा' या जपानी चित्रपटातली कानेदाची लाल मोटरसायकल आठवा. लांब, बुटकी, स्वार मागे रेललेला. जगभरची पोरं त्या चित्रातल्या गाडीवर भाळली! म्हणजे ही बैठक मुळात कुरूप नाही. क्वेझार समोरून बघाल तर मोटारीचा पुढचा तुकडा कापून दोन चाकांवर ठेवलाय असं वाटतं, आणि वर ती महागही होती. रूप म्हणजे शेवटी फासायचा रंग, असं समजण्याची किंमत तिने मोजली.

उलट बाजूला चॉपर. पाय पुढे, हात वर आणि छाती वाऱ्याला शिडासारखी! कारण टाकून दिलं आणि लक्षण तेवढं उचललं. पुण्याच्या बजाजने २००५मध्ये आणलेली ॲव्हेंजर त्याच घराण्यातली, पण तिच्यावर मी इतका कडक होणार नाही. आसन थोडं खाली आलंय, बुटक्या माणसाचे पाय नीट टेकतात. हे छोटं का होईना, इंजिनिअरिंगच. वाऱ्याच्या बाबतीत मात्र ती चॉपरचीच बहीण.

बीएमडब्ल्यूच्या सी१ला, २०००ची ती, छप्पर होतं, पट्टे होते, अपघाताचा विचार होता. पण माणूस खुर्चीवर बसावा तसा ताठ, त्याच्याही वर छपराचं वजन. शिवाय १२५ सीसीच्या इंजिनावर १८५ किलोचा बोजा. माझ्या कसोटीला ती उतरत नाही.

आणि कसोटी क्वेझारलाही लावायला हवी. तळहातावर लांब काठी तोलता येते, पेन्सिल तोलून बघा. बुटकी गोष्ट लवकर कलते, म्हणून अगदी सावकाश जाताना अशी गाडी तोलायला जास्त जागरूक राहावं लागतं. खड्डा आला की पायांवर उभं राहता येत नाही, दणका थेट मणक्यात. आपल्या रस्त्यांवर अशी गाडी आणायची तर पहिलं काम मागच्या सस्पेन्शनचं आहे, छपराचं नाही. कोणी करणार असेल तर चाचणीला मी येतो, फक्त पावसाळ्यानंतर. (हशा)

आता प्रश्न घेऊ या.