खानदेशांतील भिल्ल-मोहिमा आणि १८८० चें ग्याझेटिअर : एक परीक्षण

मुंबई इलाख्याच्या ग्याझेटिअरमालेंतील खानदेशाचा १२ वा खंड १८८० सालीं प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्बेल हे त्या मालेचे संपादक. खानदेशाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यास हा ग्रंथ वगळून पुढें जातां येत नाहीं. त्याचें ऋण मान्य करूनच त्यांतील भिल्ल-मोहिमांच्या कथनाचें परीक्षण आम्ही येथें करीत आहों. कारण आमच्यांतील पुष्कळांच्या लेखांत तें कथन विशेषणांसह जसेंच्या तसें उतरलेलें दिसतें.

कथनाचा सांगाडा असा. १८१८ सालीं प्रांत कंपनी सरकारकडे आला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे पोलिटिकल एजंट म्हणून धुळ्यास आले. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रि व डांग, आणि मध्यें तापी-गिरणेची सखल पट्टी. मेहरूण, जळगांव, धरणगांव हीं गांवें याच पट्टींतलीं. सातपुड्यापलीकडे होळकरांचा मुलूख, अजिंठ्यापलीकडे निजामाचा. एकीकडे पाठलाग झाला कीं दुसरीकडे उतरणें नाइकांस अवघड नव्हतें. म्हणून घाटांच्या तोंडाशीं ठाणीं बसवावीं, डोंगरांत जाणारें धान्य अडवावें आणि पायदळाच्या तुकड्यांनीं रान धुंडाळावें, असा क्रम ठरला. शरण येईल त्यास नेमणूक, न येईल त्याचा पाठलाग. रानांतील रोगट हवेनें शिपाई जर्जर होत. एक नाईक धरला कीं दुसरा उठे. अखेर १८२५ सालीं तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, धरणगांवीं लेफ्टनंट जेम्स औट्राम यांनीं भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि प्रांत निवला.

मीमांसक कोणत्याही वाक्यसमूहांत विधि कोणता व अर्थवाद कोणता हें आधीं वेगळें करतात. तीच कसोटी येथें लावावी. ठाणीं, पाठलाग, पलटण या घटना होत; ‘जें शस्त्रानें साधलें नाहीं तें ममतेनें साधलें’ हा मात्र स्तुतिपर अर्थवाद होय. पलटण उभी राहिल्यावरही औट्राम यांनीं १८३० सालीं डांगावर चढाई केली. पुढें ज्या खाज्या नाइकाकडे सेंधव्याच्या घाटाची राखण होती, तोच १८५७ सालीं उठला. आणि ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत आंबापाणी येथें मोठी लढाई झाली. तेव्हां नेमणूक व पाठलाग हे दोन उपाय एकामागून एक आले नाहींत, ते बरोबरच चालले. रानाच्या वाटा ठाऊक असलेला मनुष्य पायदळास हवा होता. पलटणीनें तो मिळवून दिला. यांत औट्राम यांचें धाडस व भिल्लांशीं असलेला मोकळा व्यवहार खोटा ठरत नाहीं. पण कारणमीमांसा बदलते.

दुसरा आक्षेप ‘लुटारू’ या शब्दावर. भिल्ल हे कित्येक गांवांचे जागले. राखणीबद्दल त्यांस ठराविक हक्क असत. ते थकले वा बुडाले, हें ग्रंथकारही नाकारीत नाहींत. बुडालेला हक्क जो बळानें घेतो त्यास सरकारच्या दप्तरांत लूट म्हणतील. घेणाराच्या मतें ती वसुली. इतिहासकारानें दोन्ही पक्ष लिहून मग निर्णय द्यावा.

याच न्यायानें आपल्याकडील पानही झांकूं नये. कोपरगांवीं १८०४ च्या सुमारास पेशव्यांचे अधिकारी बाळाजी लक्ष्मण यांनीं विश्वास देऊन बोलाविलेल्या भिल्लांस विहिरींत लोटल्याची हकीकत याच खंडांत आहे. कंपनीच्या मोहिमांवर कठोर टीका करणारे आमचे कांहीं लेखक या हकीकतीपाशीं आले कीं मौन धरतात. ज्यांच्या आठवणींत कोपरगांव ताजें होतें, ते चौदा वर्षांनीं नव्या सरकारच्या अभयवचनावर लगेच कां विसंबले नाहींत, याचें उत्तर त्या मौनांत हरवतें.

संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें असा एक प्रसंग १८२५ चा आहे. बागलाण त्या काळीं खानदेशांतच मोडे. शेवराम नांवाच्या सोनारानें सातारकर महाराजांच्या नांवाचे बनावट कागद दाखवून भिल्ल जमविले व मुल्हेरच्या डोंगराचा आश्रय घेतला. औट्राम यांनीं मालेगांवाहून शिपाई नेऊन त्यांस उधळून लाविलें. कागद बनावट म्हणून ग्रंथकार पुढें जातात. आमचें म्हणणें असें कीं, बनावट कागद कर्त्याविषयीं खोटें बोलतो, पण ज्यांच्यासाठीं तो केला त्यांच्या श्रद्धेविषयीं खरेंच सांगतो. सातारची गादी इंग्रजांच्या कह्यांत जाऊन सात वर्षें झालीं असतां, बागलाणच्या रानांत तिच्या नांवावर माणसें प्राण पणास लावीत होतीं. याहून बोलका पुरावा कोणता?

या कथनाची दुरुस्ती इंग्रजी वृत्तांतांवर अधिक भाष्यें रचून होणार नाहीं. ती पाटील-कुळकर्ण्यांच्या घरच्या मोडी रुमालांतून होईल : जागल्याचा हक्क किती, तो केव्हां थांबला, कोणीं थांबविला. लढायांचीं पत्रें आपण मखमलींत गुंडाळतों आणि असल्या हिशेबी फर्दा किरकोळ म्हणून वाळवीस देतों. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्था ज्या प्रांतांत आहेत, तेथें तरी हें होऊं नये. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं त्यांची यादी करावी, नकला कराव्या आणि एकही फर्द टाकूं नये.