भिल्लांचे 'बंड' आणि सरकारी 'शांतता'

खानदेशातील भिल्लांच्या लढ्याविषयी लिहिताना अभ्यासकांना दोन इंग्रजी ग्रंथांकडे वळावेच लागते. पहिला १८८० चा खानदेश गॅझेटियर, दुसरा सिमकॉक्स या सनदी अधिकाऱ्याने १९१२ मध्ये लिहिलेला खानदेश भिल्ल पलटणीचा वृत्तांत. दोन्ही ग्रंथांमागे मेहनत आहे, तपशील भरपूर आहे. आमची हरकत आहे ती त्यांच्या भाषेला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. घाट राखणे आणि त्याबद्दल हक्क घेणे ही भिल्ल नाईकांची पिढीजात रीत. १८०३ च्या दुष्काळाने आणि लष्करांच्या लुटीने मुलूख आधीच उजाड झाला होता. नव्या सरकारशी नाईकांचा झगडा पेटला, तो वर्षानुवर्षे चालला. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली. आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली. भिल्लाला पगार मिळाला, पण बंदूक भिल्लावरच रोखावी लागली. याला सरकारी लेखणी 'शांतता' म्हणते.

ही शांतता खरी असती, तर १८५७ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक का उठले असते? खाज्या तर सेंधव्याचा घाट राखणारा, सरकारच्याच चाकरीतला माणूस. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्लांच्या बाजूने मकराणी शिपाईही लढले. पकडलेल्या अनेकांना जागीच गोळ्या घातल्या गेल्या. सरकारी वृत्तांतात गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, जखम सारे येते. मेलेला भिल्ल आणि मकराणी मात्र आकडा होऊन येतो. त्यांच्या घरच्यांचे काय झाले, हे कोणत्या तवारिखेत शोधावे?

'बंडखोर', 'लुटारू' हे शब्द एकदा कागदावर चढले की पिढ्यान्पिढ्या पुसत नाहीत. हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. म्हणूनच भिल्लांच्या बाबतीत आपण तेच शब्द बेफिकीरपणे वापरू नयेत.

आमच्या उर्दू शाळांत १८५७ म्हटले की दिल्ली, लखनऊ, झाशी आठवते. जळगाव-धुळ्याच्या मुलांना उत्तरेला सातपुडा दिसतो, अंबापाणी माहीत नसते. हे ग्रंथ जरूर वाचावेत, त्यांतील तपशील घ्यावा. मात्र शब्द पारखून घ्यावेत, आणि भिल्ल वस्तीतील जुन्याजाणत्यांचे बोलणेही शेजारी ठेवावे. एकाच पक्षाची साक्ष ऐकून इन्साफ होत नसतो.