साहसकादंबरी आणि सहज वाचकाचा कौल

साहसाच्या आणि थरारक रहस्याच्या कादंबऱ्यांविषयी मराठी समीक्षा सहसा दोनच प्रसंगी बोलते : वाचकांच्या अभिरुचीची चिंता वाटू लागली म्हणजे, किंवा एखाद्या लेखकाच्या पुस्तकांची संख्या थक्क करणारी ठरली म्हणजे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या हे सर्वश्रुत आहे. त्यांतल्या सरस कोणत्या आणि नीरस कोणत्या, हे मात्र वाचनालयातून त्या घरी नेणाऱ्या वाचकानेच ठरविले. हा सहज वाचक आपला कौल ठरीव वाक्यांत देतो. ‘पुस्तक खाली ठेववले नाही’, ‘मध्ये फार रेंगाळते’, ‘शेवट पटला नाही’. अशा उद्गारांना समीक्षेच्या पंक्तीत स्थान नाही असे मानण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहिला पाहिजे.

या तीन वाक्यांत साहसकादंबरीच्या रचनेसंबंधीचे तीन प्रश्न दडलेले आहेत. पहिले वाक्य औत्सुक्याविषयी आहे, दुसरे घटनांच्या प्रमाणाविषयी आणि तिसरे संभाव्यतेविषयी. अशक्य पण संभाव्य वाटणारी घटना ही शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा बरी, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटले आहे. शेवट पटला नाही म्हणणारा वाचक नकळत हीच कसोटी लावीत असतो. सतत काव्यपरिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, त्याला अभिनवगुप्ताने सहृदय मानले. सहज वाचक त्या अर्थाने सहृदय नसेल. पण एकाच प्रकारच्या पन्नास कादंबऱ्या वाचलेल्या माणसाचे मन त्या प्रकारापुरते तरी घासलेले असतेच.

ॲलिस्टर मॅक्लीन (1922–1987) या स्कॉटिश लेखकाच्या कादंबऱ्यांवर हा कौल पारखून पाहता येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात काढलेल्या वर्षांचा अनुभव त्याच्या ‘एच. एम. एस. युलिसिस’ (1955) या पहिल्या कादंबरीत आहे. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (1957) ही त्यानंतरची. तीत एका काल्पनिक ग्रीक बेटावरच्या प्रचंड तोफा उडवून देण्यासाठी मूठभर माणसे उभा कडा चढून जातात. वाचकाला खिळवून ठेवते ती ही मोहीम. परंतु काही काळाने त्याला काय आठवते असे विचारले, तर तोफांच्या आधी अँडी स्टीव्हन्स हा तरुण अधिकारी पुढे येण्याचा संभव अधिक. आपण भित्रे ठरू याच भीतीने तो पोखरलेला आहे. पाय मोडून सोबत्यांना भार झालेला हा तरुण अखेर मागे राहून पाठलाग करणाऱ्यांना रोखून धरतो. शत्रूतही स्कोडासारखा क्रूर आणि टुर्झिगसारखा सभ्य असा भेद मॅक्लीनने राखला आहे. म्हणजे गतीच्या पोटात स्वभावरेखन आहे, आणि वाचकाच्या स्मृतीने ते अचूक टिपले आहे.

मॅक्लीनच्या उत्तरकाळातील कादंबऱ्यांविषयी ‘तेच तेच वाटते’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. आपल्याच गटात लपलेला घरभेदी ही युक्ती ‘नॅव्हरोन’मध्ये माणसांमधल्या विश्वासाचीच परीक्षा घेते, पुढे ती इतकी सवयीची होते की वाचक पहिल्या प्रकरणापासूनच संशयित मोजू लागतो. अभ्यासकाने हाच निष्कर्ष सप्रमाण मांडला, तर त्यात भर पडेल ती कारणमीमांसेची; निर्णय तोच राहील.

या कौलाला मर्यादाही आहेत. ‘युलिसिस’ वाचून ‘फार जड आहे’ असे म्हणणारा वाचक उत्कंठेच्या अपेक्षेने शोकाकडे आलेला असतो. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात थकून गेलेल्या खलाशांच्या त्या कथेत गती मंदावते, कारण माणसेच संपत चाललेली असतात. आपण ज्याला दोष म्हणतो तोच तिचा विषय आहे, हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते. कादंबरीत जे नाही, त्याचा शोधही तो घेत नाही. ‘नॅव्हरोन’च्या चमूत एकही स्त्री नाही, याने त्याचे काही अडत नाही. समीक्षकाचे खरे काम इथे सुरू होते.

अनुवादाच्या क्षेत्रात तर या कौलाची उपेक्षा महागात पडते. इंग्रजी वाक्यात क्रिया लवकर कळते आणि तपशील मागून येतो. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘कपारीला हात टेकतो न टेकतो तोच दोर तुटला’ असे लिहिले की मराठी वाक्य स्वभावतःच उत्कंठा धरून ठेवते. त्याऐवजी ‘जेव्हा त्याचा हात कपारीपर्यंत पोहोचलेला होता, तेव्हा असे झाले की दोर तुटला’ असे लिहिले, तर घटना तीच राहूनही थरार विरतो. मग ‘मध्ये रेंगाळते’ हा शेरा मूळ लेखकाच्या माथी बसतो. मॅक्लीन मराठीत उतरला आहे आणि त्याच्यासारखे इतरही उतरत आहेत. पण त्या अनुवादांचे परीक्षण क्वचितच कोणी गांभीर्याने करतो. वैचारिक ग्रंथाच्या अनुवादात एका संज्ञेवर वाद घालणारी समीक्षा साहसकादंबरीतल्या वाक्यांच्या लयीबद्दल मौन पाळते.

ज्या साहित्यप्रकाराने अनेकांना वाचनाची पहिली गोडी लावली, त्यातले सरस-नीरस निवडण्याचे काम केवळ वाचनालयाच्या खिडकीपाशी सोडून देणे समीक्षेला शोभत नाही. सहज वाचकाचा कौल तिने अंतिम मानू नये. पण तो ऐकून घेऊन त्याची कारणे शोधण्यापासून तिने आरंभ करावा.